वकिलाविना ई-फायलिंग: पेडण्याची नोटीस आणि डिचोलीची तक्रार

गेल्या चवथीला दुसऱ्या दिवशी आम्ही नेहमीप्रमाणे पेडणे तालुक्यात आत्याकडे गेलो. माटोळीखाली बसून पातोळ्या खाऊन झाल्या, आणि आत्याने देवाच्या खोलीतल्या फळीवरून, पंचांगाखाली जपून ठेवलेलं एक लांब खाकी पाकीट आणून माझ्या हातात दिलं.

"बाय, हे काय आहे ते वाच बघू. इंग्रजीत आहे. येऊन महिना झाला."

आत दिवाणी कोर्टाची नोटीस होती. आत्याच्या दिवंगत सासऱ्यांच्या मालमत्तेची इन्व्हेंटरी तिच्या मुंबईच्या दिरांनी घातली होती. आत्या राहते ते घर, मागचं माडांचं भाट, शेताचे दोन कुणगे, सगळं त्या यादीत. तारीख नऊ दिवसांवर. आत्याचे यजमान कधीच गेले, मुलगा कतारला नोकरीत. महिनाभर ते पाकीट पंचांगाखाली होतं, कारण "देवाजवळ ठेवलं म्हणजे काही वाईट होणार नाही."

माझी लेक पुण्यात कॉम्प्युटर शिकते. तिने पाकीट पाहिलं, मोबाईल काढला आणि म्हणाली, "आजी, काळजी करू नकोस. आता सगळं ऑनलाइन असतं. आपणच फाईल करू, वकील कशाला?"

तिचा आत्मविश्वास पोकळ नव्हता. सहाच महिन्यांपूर्वी आम्ही दोघींनी माझ्या सासूबाईंची डिचोलीची एक तक्रार खरोखरच वकिलाविना, घरबसल्या दाखल केली होती. म्हणून मीही मान डोलावली. पुढच्या नऊ दिवसांत मला जे कळलं ते आधीच सांगून टाकते: कागद कोर्टात पोचवायला आता वकील लागत नाही. पण तो कागद कुठल्या दारातून न्यायचा आणि त्यात काय लिहायचं, हे पोर्टल सांगत नाही. डिचोलीत आम्हाला ते जमलं. पेडण्यात जवळजवळ फसलंच होतं.

आधी डिचोलीची गोष्ट

सासूबाईंनी घरावर सोलर वॉटर हीटर बसवून घेतला, ३८,००० रुपयांना. पहिल्याच पावसाळ्यात टाकी गळू लागली. दुकानदार म्हणायचा कंपनीला विचारा, कंपनी म्हणायची दुकानदाराला विचारा. आधी आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे १९१५ ला, फोन केला. हा फोन फुकट असतो आणि बऱ्याच तक्रारी तिथेच मिटतात. आमची मिटली नाही. मग रजिस्टर पोस्टाने दोघांना नोटीस पाठवली, पंधरा दिवस थांबलो आणि ग्राहक आयोगाकडे जायचं ठरवलं.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा, लागू झाला जुलै २०२० मध्ये. सामान्य माणसाने स्वतः चालवावं म्हणूनच हे दार केलेलं आहे, हे त्याच्या प्रत्येक कलमात जाणवतं. तक्रार जिथे आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे करता येते, म्हणजे कंपनी दिल्लीची असली तरी सासूबाईंना उत्तर गोव्याच्या पर्वरीच्या आयोगाकडेच जायचं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीवर एक पैसाही फी नाही. पन्नास लाखांपर्यंतची खरेदी जिल्हा आयोगाकडे, त्यापुढे राज्य आयोग. वाद उपस्थित झाल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करायची. वकील नसला तरी चालतो. अर्ज केला तर सुनावणी व्हिडिओवरून घेण्याचीही सोय कायद्यात आहे. ऑनलाइन दाखल करण्यासाठी २०२० पासून ई-दाखिल नावाचं पोर्टल होतं. १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती आलं.

आता आमच्या चुका. मी पहिला मसुदा लिहिला तो अकरा पानांचा. दुकानदार कसा उर्मटपणे बोलला, सासूबाईंना थंड पाण्याने आंघोळ करून ताप कसा आला, सगळं त्यात. लेकीने वाचलं आणि विचारलं, "आई, यात पैसे कधी दिले ते कुठे आहे?" खरंच नव्हतं! रागावून लिहिलेल्या कागदात तारखा हरवतात. मग आम्ही उलट सुरुवात केली. आधी एका पानावर फक्त तारखा: खरेदी, बसवणं, पहिली गळती, पहिला फोन, दुरुस्तीवाला आला तो दिवस, नोटीस. प्रत्येक तारखेसमोर पुरावा कोणता ते. ज्या तारखेसमोर काहीच नव्हतं ती वाक्यं एक तर गाळली, नाहीतर "तोंडी सांगितले" असं स्पष्ट लिहिलं. अकरा पानांची साडेतीन झाली. शेवटी मागणी काय ती आकड्यांत: किंमत परत, त्यावर व्याज, मनस्तापाची भरपाई, खर्च. जे मागितलं नाही ते आयोग आपणहून देईल या भरवशावर राहू नये.

दुसरी चूक, मी फक्त दुकानदाराला प्रतिपक्ष केलं होतं. वॉरंटी कार्डावर नाव कंपनीचं. दोघांना केलं नाही तर दुकानदार कंपनीकडे बोट दाखवून मोकळा. तिसरी चूक लेकीची: वॉरंटी कार्डाचा फोटो रात्री ट्यूबलाइटखाली काढला, अर्धा पांढराफटक. छाननीत तक्रार परत आली. त्रुटी दोन, एक हे न वाचता येणारं पान आणि दुसरी, प्रतिज्ञापत्र नोटरीपुढे केलेलं नव्हतं. दोन्ही आक्षेप योग्यच होते. डिचोली बाजारात नोटरी शोधला, सासूबाईंना रिक्षाने नेलं, सही-शिक्का, पुन्हा स्कॅन, पुन्हा अपलोड. ऑनलाइन दाखल केलं तरी छापील संच मागितले जातात हे लक्षात ठेवा. आम्ही प्रत्येक प्रतिपक्षासाठी एक आणि वर दोन अशा प्रती आधीच काढून ठेवल्या होत्या.

आयोगाची नोटीस गेल्यावर विरुद्ध बाजूला उत्तर द्यायला तीस दिवस मिळतात, फार तर आणखी पंधरा. त्यापुढे आयोगालाही मुदत वाढवून देता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये सांगितलं आहे. आमच्या बाबतीत उत्तर आलंच नाही, फोन आला. नवी टाकी, नवं वॉरंटी कार्ड आणि थोडी रक्कम यावर मिटवू या म्हणाले. आम्ही ते लेखी घेतलं, आयोगापुढे ठेवलं आणि तक्रार निकाली निघाली. सासूबाई अजूनही म्हणतात की पूर्ण पैसेच घ्यायला हवे होते. असो.

या अनुभवावर स्वार होऊन आम्ही पेडण्याची नोटीस हातात घेतली.

नोटीस खरी की खोटी?

पहिली शंका कतारहून आली. आतेभावाने फोटो पाहून व्हॉट्सॲपवर लिहिलं, "फ्रॉड असेल. हल्ली असल्या कोर्टाच्या नोटिसा खूप येतात." शंका रास्त होती. डिजिटल अरेस्टच्या नावाखाली लोकांना लुटलं जातं, आणि तसा अटकेचा प्रकार आपल्या कायद्यात नाहीच. पण खरी नोटीस खोटी समजून बाजूला ठेवणं हे खोटी खरी मानण्याइतकंच महाग पडतं.

ओळखायचं कसं? ई-कोर्ट्स सर्व्हिसेस हे सरकारी ॲप मोबाईलवर फुकट मिळतं. प्रत्येक खटल्याला सोळा अक्षर-अंकांचा एक सीएनआर क्रमांक असतो, आधार क्रमांकासारखाच पण खटल्याचा. तो टाकला की पक्षकारांची नावं, कोर्ट, आतापर्यंतच्या तारखा, पुढची तारीख, झालेले आदेश, सगळं दिसतं. नोटिशीवर हा क्रमांक नसेल तर राज्य गोवा, जिल्हा उत्तर गोवा, मग तालुक्याचं कोर्ट निवडून पक्षकाराच्या नावाने आणि वर्षाने शोधता येतं. लेकीने दोन मिनिटांत आत्याचं नाव काढून दाखवलं. नोटीस खरी होती. दोन तारखा होऊनही गेल्या होत्या.

आत्याने विचारलं, "पाकीट घेतलंच नसतं तर?" हा समज खेड्यात फार पक्का आहे, की पोस्टमनला परत पाठवलं म्हणजे आपल्याला काही लागू नाही. उलट असतं. नोटीस नाकारली तर ती बजावली असंच कोर्ट धरून चालतं, आणि काम आपल्या पाठीमागे पुढे सरकतं.

इथे तरुण वाचकांना एक काम सांगते, हा लेख बाजूला ठेवून आधी तेच करा. आई-वडील, आजी-आजोबा यांची नावं या ॲपमध्ये शोधा, वेगवेगळ्या स्पेलिंगने. पेडण्याच्या नावाचंच पहा, कागदोपत्री ते 'पेर्नेम' असतं. माणसांच्या नावांचे हाल त्याहून वाईट. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला आणि पेडण्यातल्या ज्या वरकस जमिनीकडे कुणी ढुंकून पाहत नव्हतं तिला गिऱ्हाईकं आली. बनावट कागदपत्रांनी जमिनी लाटल्याच्या प्रकरणांसाठी गोवा सरकारला जून २०२२ मध्ये विशेष तपास पथक नेमावं लागलं, पाठोपाठ निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा आयोग. अशा लबाड्यांना सोयीची असते ती घराकडे लक्ष नसलेली जमीन: म्हातारे गेलेले, मुलं पुण्या-मुंबईत किंवा आखातात. म्हणून ॲपबरोबर एक-चौदाचा उताराही वर्षातून एकदा ऑनलाइन काढून पहा. एक-चौदा म्हणजे मालकी नव्हे, विरुद्ध पुरावा येईपर्यंत त्यातली नोंद खरी धरली जाते इतकंच. पण त्यात परकं नाव शिरलं असेल तर तिथेच पहिल्यांदा दिसतं.

ॲपची एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवा. मामलेदाराकडचं काम, म्हणजे म्युटेशन, मुंडकार, कूळ यांची प्रकरणं ई-कोर्ट्समध्ये दिसत नाहीत. ॲपमध्ये काही नाही म्हणून निर्धास्त होऊ नये. तालुक्याला जाऊन विचारावंच लागतं.

दार उघडं, पण बोलायचं कुणी?

रात्री जेवणं झाल्यावर लेकीने लॅपटॉप उघडला. ई-फायलिंगच्या पोर्टलवर नोंदणी करताना वकील की स्वतः पक्षकार असं विचारतात. पक्षकार निवडलं, मोबाईल आणि ईमेलवर ओटीपी, ओळखपत्र अपलोड. खातं तयार! चालू खटल्यात कागद दाखल करायचा तर सीएनआर क्रमांक टाकून करता येतो. कागद पीडीएफमध्ये हवा, मजकुरावर सही आणि सत्यापन हवं, सोबत प्रतिज्ञापत्र. सही आधारच्या ओटीपीने ऑनलाइन करता येते, नाहीतर हाताने सही करून स्कॅन.

आत्याच्या आधारला जोडलेला मोबाईल नंबर तिच्या यजमानांचा निघाला. तो बंद होऊन बारा वर्षं झालेली. पहिली पाटी तिथेच फुटली. हे कुणाच्याही घरी होऊ शकतं, तेव्हा आधीच तपासून घ्या. (आणि सहीचा ओटीपी म्हणजे प्रत्यक्ष सहीच. जो मागेल त्याला तो सांगणं म्हणजे कोऱ्या कागदावर सही करून देण्यासारखं आहे.) ज्यांना घरून जमत नाही त्यांच्यासाठी कोर्टाच्या आवारात ई-सेवा केंद्रं असतात. कागद स्कॅन करून देणं, ऑनलाइन दाखल करायला मदत, खटल्याची माहिती ही त्यांची कामं. ई-कोर्ट्स प्रकल्प २००७ पासून चालू आहे, २०२३ मध्ये मंजूर झालेल्या तिसऱ्या टप्प्याला ७,२१० कोटी रुपये आहेत, आणि ही केंद्रं त्यातच येतात. लोक तिथे जायला उगाच बिचकतात.

मग मोठा प्रश्न. आत्याच्या वतीने कोर्टात उभं कोण राहणार? दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे पक्षकाराला स्वतः हजर राहून स्वतःचं काम चालवता येतं, वकील सक्तीचा नाही. पण ही मुभा आत्याला आहे. मला नाही, माझ्या लेकीलाही नाही. आत्याने मुखत्यारपत्र दिलं असतं तर मी तिच्या वतीने कागद दाखल करू शकले असते, पण बाजू मांडायला उभं राहायचं तर ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ३२ खाली न्यायाधीशांची परवानगी लागते, तो हक्क नाही. शिवाय जे आत्याने डोळ्यांनी पाहिलं त्याची साक्ष मुखत्याराने देऊन चालत नाही, तिलाच द्यावी लागते. पेडणे-डिचोलीची दिवाणी कोर्टं इंग्रजीतून चालतात. साक्ष आपण आपल्या भाषेत दिली तरी नोंद इंग्रजीत होते. आत्या मराठी चौथी शिकलेली, तिचं मोडी वाचन अजून चांगलं आहे. त्याचा तिथे उपयोग शून्य.

कतारच्या आतेभावाचंही तेच. तो तिकडून पोर्टलवर कागद टाकू शकतो, पण मुखत्यारपत्र द्यायचं तर भारतीय दूतावासात जाऊन सही साक्षांकित करावी लागते आणि तो कागद भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरावा लागतो.

तरीही लेक म्हणत होती, उत्तर तर लिहू या. लिहायला बसलो, आणि तेव्हा यादी पहिल्यांदा नीट वाचली.

यादीत काय होतं

गोव्याबाहेर वाढलेल्या वाचकांसाठी थोडं थांबून सांगायला हवं. गोव्यात वारसा चालतो तो पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेने. ती संहिता १८६७ ची, इथे १८७० पासून. आता वारशाचा भाग २०१२ च्या गोवा वारसा, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कायद्यात आला आहे, तो डिसेंबर २०१६ मध्ये लागू झाला. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, अर्धी-अर्धी. म्हणून वाटणीत प्रत्येक वारसाबरोबर त्याची बायको किंवा तिचा नवराही येतो. मुलगा-मुलगी असा भेद नाही. मृत्युपत्राने मुलांना सरसकट वगळता येत नाही, अर्धा हिस्सा त्यांच्यासाठी राखीव असतो. आणि गोव्याच्या माणसाची गोव्याबाहेरची मालमत्ताही या हिशेबात येते, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला आहे. सासरेबुवांचा मुंबईतला फ्लॅट असता तर तोही यादीत आला असता, हे पुण्या-मुंबईत स्थिरावलेल्या कितीतरी गोमंतकीय कुटुंबांच्या गावीही नसतं.

सगळे वारस राजी असतील तर कोर्टाची गरजच नाही. विशेष नोटरीकडे वारसपत्र करता येतं, हे काम सब-रजिस्ट्रार पाहतात. वाटणीवर एकमत नसेल तर इन्व्हेंटरी. तिच्यात कुटुंबप्रमुख नेमतात, तो शपथेवर वारसांची आणि मालमत्तेची यादी देतो, बाकीच्यांना नोटीस जाते. मग वारसांची बैठक. तिथेही जमलं नाही तर लिसिटेशन, म्हणजे वारसांची आपसात बोली. एखादी मालमत्ता ज्याची बोली जास्त त्याला, बाकीच्यांना त्यांच्या हिश्शाचे पैसे.

यादीत आत्याच्या घराचं वर्णन "जुने मोडकळीस आलेले बांधकाम" असं होतं आणि किंमत इतकी कमी की त्यात आज म्हापशात दोन खोल्या येणार नाहीत. ते घर आत्याच्या यजमानांनी स्वतःच्या पगारातून पुन्हा बांधलं होतं. मातीच्या भिंती काढून चिरे लावले, कौलं नवी. याचा यादीत उल्लेख नव्हता. आत्या गप्प बसली असती तर दिरांनी बोली लावली असती, घर त्यांच्या नावावर झालं असतं आणि आत्याच्या हातात पैशांचं पाकीट. सगळं कायद्याने. दीर वाईट आहेत असं मी म्हणत नाही, त्यांनी घर वीस वर्षांपूर्वीचं पाहिलेलं, त्यांच्या वकिलाने एक-चौदावरून आणि जुन्या कागदांवरून यादी केली असेल.

आता यावर आक्षेप घ्यायचा तो कसा? घर यादीतून वगळा म्हणायचं, की घर राहू दे पण बांधकामाचा खर्च आमचा धरा म्हणायचं, की नुसतं किंमत चुकीची आहे म्हणून फेरमूल्यांकन मागायचं? तिन्हींचे परिणाम वेगळे, आणि पहिल्याच कागदात जे लिहू ते पुढे आपल्याच अंगावर येऊ शकतं. लेकीने एका चॅटबॉटला विचारलं. त्याने क्षणात सुबक इंग्रजीत आक्षेप लिहून दिला, वर चार निवाडे जोडले. ते निवाडे आम्ही शोधले. दोन सापडलेच नाहीत, तिसरा हिंदू वारसा कायद्याचा होता, जो आमच्या वाटणीला लागूच नाही. तिने लॅपटॉप मिटला.

पोर्टल नाव विचारतं, पत्ता, मोबाईल, कागदाचा प्रकार विचारतं. तीनपैकी कुठला आक्षेप घ्यावा, हा प्रश्न त्यावर कुठेच नव्हता.

तिसऱ्या दिवशी

वकिलाचे पैसे हा आत्याचा खरा अडसर होता. तो सुटला तो एका जुन्याच सोयीने. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात मोफत वकील कुणाला मिळतो याची यादी आहे, आणि तीत स्त्रिया आहेत, उत्पन्न कितीही असो. मुलं, अनुसूचित जाती-जमाती, अपंग, औद्योगिक कामगार, ठरावीक मर्यादेच्या आत उत्पन्न असलेले, हेही आहेत. प्रत्येक तालुक्याला विधी सेवा समिती असते, साध्या कागदावर अर्ज चालतो, हेल्पलाइन १५१००. मला हे पन्नाशीत कळलं. माझ्या ओळखीतल्या शिकल्यासवरल्या बायकांपैकी एकीलाही माहीत नव्हतं.

आत्याने मराठीत अर्ज दिला, सोबत नोटिशीची प्रत. तारखेच्या आदल्या संध्याकाळी वकीलबाईंचा फोन आला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो घर कुणाच्या काळात, कुठल्या पैशांनी बांधलं, त्याचे कागद आहेत का.

इथून पुढे लेकीचं काम सुरू झालं, आणि ते तिने झकास केलं. आत्याच्या ट्रंकेतून कागद निघाले: पोर्तुगीजमधला एक जुना दस्त, दोन मोडी पत्रं, पंचायतीचा बांधकाम परवाना, चिऱ्यांची बिलं, यजमानांचं बँकेचं पासबुक, वीजबिलं, घरपट्टीच्या पावत्या. प्रत्येक पान दिवसाउजेडी सपाट ठेवून स्कॅन केलं, फाईलला तारीख आणि कागदाचं नाव दिलं, वर अनुक्रमणिका. पोर्तुगीज दस्ताचं आणि मोडीचं इंग्रजी भाषांतर लागणार हे वेगळं लिहून ठेवलं. वकीलबाई म्हणाल्या, एवढी तयार फाईल घेऊन पक्षकार क्वचितच येतात. ई-फायलिंग मग त्यांनीच केलं, कारण हजर त्या राहणार होत्या. पण दाखल केलेल्या प्रत्येक पानाची प्रत आमच्याकडे आहे आणि तारखा आम्ही ॲपवर स्वतः पाहतो. "पुढची तारीख काय?" हे वकिलाला विचारायला पूर्वी म्हापशाची बस धरावी लागे, ते दिवस तरी गेले.

मग वकिलाविना काय काय जमतं? ग्राहक तक्रार, हे पहिलं. कॅव्हिएट, म्हणजे "माझ्याविरुद्ध कुणी अर्ज केला तर मला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका" असं कोर्टाला आधीच कळवणं. तो छोटासा कागद आहे, नव्वद दिवस चालतो, आणि शेजाऱ्याशी बांधावरून कुरबुर असेल तर उपयोगी पडतो. दाखल करताना विरुद्ध बाजूला रजिस्टर पोस्टाने प्रत पाठवायला विसरू नका. आदेशांच्या नकलांसाठी अर्ज. थोड्या उसन्या पैशांचा सरळ दावा, ज्यात सही केलेला कागद हातात आहे. उच्च न्यायालयात मात्र स्वतः बाजू मांडणाऱ्याची आधी एक समिती पारख करते, मुंबई उच्च न्यायालयाचे तसे नियम आहेत आणि पर्वरीचं खंडपीठ त्याच न्यायालयाचं. वाटणी, जमिनीची मालकी, घरातून काढण्याचा दावा यांत एकट्याने उतरू नये असं माझं मत. कुणाला धाडस वाटलंच तर निदान यादी वाचण्यापुरता एखाद्या वकिलाचा सल्ला पैसे देऊन घ्यावा.

आत्याच्या कामात फेरमूल्यांकनाचा अर्ज दाखल झाला आहे, दिरांच्या वकिलाने उत्तराला मुदत मागितली आहे. पुढची तारीख आत्याने कालनिर्णयवर लाल पेनाने लिहिली आणि वर गोल काढला. आधारचा नंबर बदलून घेतला. देवाजवळच्या फळीवर आता फक्त पंचांग असतं, आणि पोस्टमन काहीही देऊन गेला की पाकीट फोडायच्या आधीच त्याचा फोटो घरच्या ग्रुपवर येतो. परवाचं निघालं वीजबिल.